बेगड लावलेली तलवार

ती. सौ. वहिनी यांस,

दत्तारामाचा साष्टांग नमस्कार.

'सौ.'च्या आधी आता आणखी एक अक्षर लिहायचे असते, असे कचेरीतल्या मंडळींनी मला सांगितले. ते मी लिहिलेले नाही. चुकले असेल तर असू द्या.

पत्राचे कारण एवढेच, की तुमचा सिनेमा आला. "माझा कसला मेला सिनेमा!" असे तुम्ही म्हणाल. पण परवापासून सगळी मांडवी तसेच म्हणते आहे. वहिनींचा सिनेमा आला, पाहिलात का? पाऊस संपून जमीन वाळल्यावर मैदानात तंबू लागला आणि पहिल्याच आठवड्यात हा खेळ आला. परवा संध्याकाळी दादा आणि मी पाहून आलो. तिथे एक गोष्ट घडली. घरी येऊन ती सांगावी असे एकच माणूस होते, ते आता घरात नाही. म्हणून लिहितो.

मला बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. "भाऊजी मूग गिळून बसतात, म्हणून आपल्या घरात मूग उरत नाहीत," असे तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात. पत्रात तरी सगळे नीट सांगतो. पहिल्यापासूनच सांगतो. तुम्हाला माहीत असलेलेही सांगतो, कारण ते पुन्हा सांगायला मला बरे वाटते.

शिमग्याला दादा रजा घेऊन मुंबईहून आला आणि येताना त्या सिनेमा कंपनीच्या मॅनेजरला बरोबर घेऊन आला. आगबोटीवर ओळख झाली होती म्हणे. कंपनीला समुद्री चाच्यांचा मूक सिनेमा काढायचा होता. समुद्र, किल्ला, गलबत हे सगळे आपल्याकडे आयते. त्यातून त्यांच्या डायरेक्टरचा हट्ट असा, की हत्यारे आणि सामानसुमान जुन्या घरांतले, खरेखुरे हवे. दादाने बोटीवरच सांगून टाकले, "आमच्याकडे आहे तलवार. आरमारातली. देतो की!"

देवघराच्या भिंतीवरची ती तलवार! आपले पूर्वज मराठ्यांच्या आरमारात होते, त्यांच्या कमरेची. खंडेनवमीला खाली काढायची, तेलाच्या फडक्याने पुसायची, झेंडूची माळ घालायची, नैवेद्य दाखवायचा आणि पुन्हा वर टांगायची. आमची आई गेल्यापासून हे सगळे तुम्ही करीत होतात. दादाने ती कधी पुसली असेल असे मला आठवत नाही. देतो म्हणायला मात्र तो पुढे!

मॅनेजर ओटीवर बसला होता. मी खांबाला टेकून उभा होतो. तुम्ही माजघराच्या दाराआड होतात.

"भाऊजी, त्यांना विचारा, सिनेमात ती तलवार धरणार कोण?"

"तिला सांग, मुख्य माणूस धरणार," दादा म्हणाला.

"मुख्य म्हणजे कोण, ते विचारा."

मॅनेजर बिचारा सरळ मनाचा. तोच म्हणाला, "चाच्यांचा सरदार, बाई."

आत तुमच्या बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या.

"भाऊजी, त्यांना सांगा, आमच्या घरात चाच्याची तलवार नाही."

"तिला सांग, सिनेमा आहे तो. सगळं खोटंच असतं त्यात."

"मग तलवारही खोटी चालेल, म्हणावं!"

मी एक शब्द बोललो नव्हतो. तुम्हा दोघांचे सगळे बोलणे माझ्यामार्फत झाले आणि मला तोंड उघडावे लागले नाही. या घरात मी इतकी वर्षे अशीच नोकरी केली! मॅनेजर मात्र एकदा दाराकडे, एकदा दादाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहून घामाघूम झाला.

तुम्हाला तो शब्द का लागला, ते दादाला कळले नाही. मला कळले. मी मॅट्रिकला होतो तेव्हा ओटीवर बसून इतिहास मोठ्याने पाठ करीत असे. त्या इंग्रजी पुस्तकात आपल्या आरमाराला चाचे म्हटले होते. तुम्ही तांदूळ पाखडत होतात. अर्थ विचारलात. मी सांगितला. तुम्ही सूप खाली ठेवलेत.

"ज्यांनी हा किनारा राखला ते चाचे? आणि तुम्ही ते घोकताय?"

"परीक्षेत येतं," मी म्हणालो.

"मग परीक्षेत लिहा. पण मोठ्यानं म्हणू नका. देवघर ऐकतंय."

त्या दिवसापासून तो धडा मी मनात वाचला. पास झालो. पुस्तकात म्हटले तेवढे पुरे झाले नाही, आता पडद्यावरही म्हणणार, आणि तेही आपल्याच घरची तलवार हातात घेऊन, हे तुम्हाला सोसणार नव्हते.

पण दादाने शब्द दिला होता. तो रात्री जेवला नाही. नवऱ्याचा शब्द खाली पडावा असे तुम्हालाही वाटत नव्हते. सकाळी चहा पुढे ठेवताना तुम्ही मला म्हणालात, "त्यांना सांगा, शब्द तलवारीचा दिलाय. तलवार मिळेल. मी करते."

दादा हसला. चांगले हसणे नव्हते ते.

आपल्याकडे बायका कागद भिजवून, कुटून, त्यात मेथीचे पीठ कालवून टोपल्या करतात, तशी तुम्ही तलवार करायला घेतलीत! वाचनालयातून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा मी आणून दिला. खरी तलवार वेळेआधी खाली काढावी लागली, म्हणून तुम्ही आधी तिच्यापुढे हात जोडलेत आणि पुटपुटलात, "मापापुरती. रागावू नका." मग ती पाटावर ठेवून शेजारी लगद्याची थापलीत. पाते तसेच, बाक तसाच. खरीच्या मुठीवर मात्र कमळ आहे, तिथे तुम्ही मासा काढलात. मी पाहत राहिलो तर म्हणालात, "उद्या कुणी ही खरी म्हणून मिरवली तर? ओळखायला नको? बांगडा आहे तो. नीट बघा."

गणपतीच्या मखराचे उरलेले बेगड तुम्ही पात्यावर लावत होतात, तेव्हा शेजारच्या काशीकाकू कुंपणाशी आल्या.

"अगो बाय, शिमगा सरला तरी तुझं सोंग काही सरत नाही! बेगड लावून कुणाला फसवतेस गो?"

"फसवायचं असतं तर बेगड कशाला लावलं असतं, काकू? गंज लावला असता."

काकूंना उत्तर न सुचलेला मांडवीतला तो पहिला दिवस असावा.

आणि मग ती शेळी! तलवार अंगणाच्या दगडी गडग्यावर उन्हात वाळत होती. तुम्ही पापड उचलायला आत गेलात आणि काकूंच्या शेळीने मूठ खाल्ली. मूठ, मासा आणि वीतभर पाते! काकू ओरडत आल्या, तुम्ही लाटणे घेऊन धावलात, आणि शेळी तोंडाला बेगड लावून शांतपणे उभी.

"कीड लागू नये म्हणून मेथी घालतात," तुम्ही म्हणालात. "शेळीचं मला कुणी सांगितलं नव्हतं!"

मग तुम्ही गडग्याला टेकून इतक्या हसलात, की काकूही हसल्या. दादा ओटीवर होता. त्याने पंचा तोंडावर धरला होता, तो हसण्यासाठी की लाजेने, ते मला आजही माहीत नाही. दुसऱ्या तलवारीची मेथी काकूंनी स्वतः दळून आणली. या वेळी तुम्ही आत बांबूची कामट घातलीत आणि वरून राळेचा हात दिलात. शेळी बांधून ठेवली होती.

डायरेक्टर ती पाहून आधी नाराज झाला. साहजिक आहे. त्याने खरी मागितली होती. पण माणूस धंद्यातला होता. मांडवीच्या वाळूत त्याने गावातून जमवलेल्या सगळ्या खऱ्या तलवारी एका रांगेत धरायला लावल्या आणि शेवटी तुमची. उन्हात खऱ्या तलवारी काळ्या काठ्यांसारख्या दिसत होत्या. शिवाय जड. एका नटाने तर स्वतःच्याच अंगठ्याला कापून घेतले. तुमची वर उचलली आणि माणसांनी डोळ्यांवर हात धरले! डायरेक्टर मॅनेजरला म्हणाला, "बाकीच्या परत करा. बाईंना विचारा, आणखी होतील का?"

मग काय, अंगणात पापडांशेजारी पिस्तुले वाळू लागली. सांडग्यांशेजारी सोन्याच्या मोहरा. पोस्टमन दारात थबकायचा आणि विचारायचा, "वहिनी, आज कुणाची लूट?" सरदाराच्या कमरेचा पट्टा, कंदील, खजिन्याची पेटी, सगळे तुम्ही केलेत. मी कचेरीतून येईपर्यंत तुमचे हात कोपरापर्यंत पांढरे झालेले असायचे. तुम्ही मला हाका मारून दाखवायचात, "भाऊजी, हे बघा, खरं वाटतं का?" मी मान हलवायचो. एखादा शब्द बोललो असतो तर काय बिघडले असते?

दादाला मात्र ते बरे वाटले नाही. बोटीवर त्याची फुशारकी ऐकलेल्या ओळखीच्या लोकांनी त्याला 'बेगडी सरदार' म्हटले होते. मुंबईला परत जाताना तो म्हणाला, "मी खऱ्याचा शब्द दिला होता. हिने मला गावभर बेगडी ठरवलं." त्या दिवशी 'तिला सांग' असेही तो म्हणाला नाही. तुम्ही दारात उभ्या राहिलात, तो वळला नाही.

एका गोष्टीचा मला तुमच्यावर राग आहे. मॅनेजर सामान न्यायला आला तेव्हा त्याने विचारले होते, "यावर कुणाचं नाव लिहू?" तुम्ही म्हणालात, "घराचं लिहा." वहिनी, घर कधी कागद कुटते का? त्याने घराचे नाव लिहिले. पुढचे सगळे त्यातून झाले.

श्रावणात तुम्हाला ताप आला. त्याबद्दल लिहीत नाही. दादा पोचला, पण तुम्ही तोवर कुणाला ओळखत नव्हतात.

आता परवाचे.

तंबूत आम्ही पुरुषांच्या बाजूला, बांबूच्या तट्ट्यावर बसलो होतो. बायका कनातीपलीकडे. पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा माणूस होता, मोठ्या आवाजाचा, हजरजबाबी. समुद्र आला, किल्ला आला. गावातून खऱ्या म्हणून नेलेल्या वस्तू मी शोधत होतो. एक पितळी समई होती, चांगली जुनी, ज्यांची होती ते माझ्या पुढेच बसले होते. त्यांनाही ती ओळखू आली नाही. पडद्यावर नुसता एक काळा दांडा दिसला. किल्ल्यावरची खरी तोफ शेणाच्या ढिगासारखी दिसली. आणि तुमचा खजिना! पेटी उघडली तेव्हा सगळा तंबू "आहा!" म्हणाला. वर्तमानपत्रे आणि मेथी, वहिनी! मी एकटाच हसत होतो.

मग सरदार पुढे आला आणि त्याने तलवार उपसली. ती अशी चमकली, की पोरे उठून उभी राहिली. सांगणारा ओरडला, "पाहा, मंडळी! ही नाटकातली तलवार नव्हे! ही दोनशे वर्षांची खरीखुरी चाच्याची तलवार! तुमच्याच रत्नागिरीतली! मांडवीच्या घराण्यात चाच्यांच्या वंशजांनी जपून ठेवलेली!" आणि त्याने घराचे नाव घेतले.

लोक वळून आमच्याकडे पाहू लागले. कुणीतरी कौतुकाने दादाच्या पाठीवर थाप मारली. दादाने मान खाली घातली.

जे होऊ नये म्हणून तुम्ही एवढे केलेत, तेच होत होते. मी कधी उठलो ते मला कळले नाही.

"खोटी आहे!" मी म्हणालो.

"कोण ते? खाली बसा!"

"ती तलवार खोटी आहे. कागदाची आहे. आमच्या घरात चाच्याची तलवार नाही."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हते. सिनेमाच्या यंत्राची मूठ फिरवणारा थांबला. दिवा लागला.

"कागदाची?" सांगणारा म्हणाला. "अहो, कागद असा चमकतो होय?"

"बेगड आहे. गणपतीच्या मखराचं. मुठीवर बांगडा आहे, पुन्हा दाखवा आणि बघा."

लोक हसायला लागले. एवढ्यात कनातीमागून काशीकाकूंचा आवाज आला, "होय हो! खोटीच ती! मेथी मी दळून दिली! पहिली माझ्या शेळीनं खाल्ली!"

आता सगळा तंबू हसत होता. कुणी शिट्टी वाजवली. पण वहिनी, त्यात टिंगल नव्हती. मी कान देऊन ऐकत होतो. बेगडाला हसणे मी पूर्वी ऐकलेले आहे, ते असे नसते. माझ्या शेजारचा खारवी खलाशी मोठ्याने म्हणाला, "शाब्बास! आमी डोळं फाडून बघित होतो आनि ती कागदाची!" मला इतका अभिमान वाटला, की खाली बसायचे राहूनच गेले.

सांगणारा हुशार माणूस. त्याने हात वर करून लोकांना गप्प केले. "मग सांगून टाका, साहेब. केली कुणी?"

"माझ्या वहिनींनी."

"वहिनींना नाव असेल की नाही?"

आणि मी अडकलो. नाव मला ठाऊक होते. पण जन्मात ते कधी तोंडातून काढलेले नाही. ओठांशी यायचे आणि परत जायचे. एवढी माणसे थांबली होती आणि मी पुन्हा मूग गिळून उभा होतो.

तेव्हा दादा उठला. लग्नात उखाण्याला त्याने तुमचे नाव एकदा घेतले होते, तेही अर्धे गिळले होते, असे आई सांगायची. त्यानंतर या घरात ते कुणी ऐकले नाही. 'तिला सांग' एवढेच. दादाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"यशोदा," तो म्हणाला. मग पुन्हा, मोठ्याने. "यशोदा. माझी बायको. ती तलवार तिनं केली."

आधी कनातीमागून, बायकांकडूनच टाळ्या आल्या.

पुढचा सिनेमा आम्ही पाहिला खरा, पण काय झाले ते मला सांगता येणार नाही. सरदार बहुधा मेला. घरी येताना मांडवीच्या वळणावर दादा म्हणाला, "काय चमकत होतं रे बेगड." मी हो म्हणालो. मग तो म्हणाला, "मी जाताना वळलो नव्हतो." त्याला उत्तर नको होते.

काल आम्ही पुन्हा गेलो. तलवार निघाली तेव्हा सांगणाऱ्याने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "पाहा, मंडळी, रत्नागिरीच्या यशोदाबाईंच्या हातची कागदी तलवार! खरीलाही लाजवील अशी!" टाळ्या पडल्या. हे शेवटचे वाक्य त्याचे स्वतःचे. तुम्हाला आवडले नसते. खरी कशाला लाजेल? ती तिच्या जागी आहे, तुमची तुमच्या जागी.

खेळ सुटल्यावर मी त्याला भेटलो. तंबू आता राजापूरला जाणार. तिथेही असेच सांगाल ना, असे विचारले. तो खरे बोलला. म्हणाला, "साहेब, इथं तुम्ही बसला होता. बाहेरगावी खरी तलवार म्हटलं, की माणूस जास्त येतो."

तेव्हा वहिनी, तुम्हाला शब्द देतो. शनिवारी कचेरी सुटली की मी मोटारीने राजापूरला जाईन. दादाची रजा आहे, तोही येतो म्हणतो. आम्ही पुढे बसू. त्याने तलवारीला चाच्याची म्हटले, की मी उठेन. त्याने नाव विचारले, की आता ते मला घेता येते. काल रात्री ओटीवर बसून मी ते मोठ्याने म्हणून पाहिले.

तुमचा दीर,
दत्ताराम